डबीला वेळ कोण सांगतं

देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर पाण्याचं पाळीपत्रक लागलं. म्हणजे उन्हाळा खरा लागला. कॅलेंडरात तो केव्हाच आलेला असतो. पण भीमेकाठच्या आमच्या गावात नदी बंधाऱ्यापाशी उथळ होऊन थबकली, पाणी संस्थेच्या चेअरमननं खडूनं नऊ लाइनींचे वार आणि तास लिहिले, आणि ते वाचायला आलेली माणसं एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघू लागली, की उन्हाळा. वर्षभर एकमेकांच्या लग्नाकार्यात राबणारी माणसं या अडीच महिन्यांत दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरतात. ओल कुठपर्यंत आली? कधी आली? कुणाच्या पाळीत आली?

मला या मोसमाचा राग येतो. राग म्हणालो ते सोयीचं पडतं म्हणून. खरं तर हा मोसमच माझ्यावर रागावलेला आहे, आणि त्याला तसा हक्क आहे.

पाळीपत्रक लागलं त्याच दिवशी चेअरमनचा फोन आला. "नाना, आपली पंपघरातली डबी बंद पडलीया. दोन म्हैने झालं, लाइटच लागंना. नवी बसवा की. यंदा पानी कमी हाय, चोऱ्या व्हनार. तुमच्याच हातानं व्हाया पायजे ते काम."

तुमच्याच हातानं. बरोबर आहे. या हातानं काय काय झालं ते गावाला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून गाव असं म्हणत होतं. ते पूर्ण ठाऊक व्हावं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली. आयुष्य तारा, रिले आणि घड्याळं यांच्यात गेलं. निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा माझ्याकडं पेन्शन होती, सोल्डरिंगची बंदूक होती आणि गावातल्या कुणापेक्षाही आपल्याला जास्त कळतं ही खात्री होती. यातली खात्री सगळ्यात वाईट.

आमची पाणी संस्था लहान आहे. नदीतून पाणी उचलायचं, पंपघराशेजारच्या चेंबरमध्ये नऊ व्हॉल्व्ह एका रांगेत, त्यांतून नऊ लाइनी, त्यांवर सव्वीस खातेदार. ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासाला आपला व्हॉल्व्ह उघडायचा आणि तास संपला की बंद. हे उघडण्या-मिटण्याचं काम सोपान करायचा. सोपान स्वतः खातेदारही होता. ओढ्याच्या पलीकडं त्याचं एकराचं वावर, सात नंबरच्या लाइनीवर तो एकटाच. त्या वावरात गुलछडी होती.

गुलछडीचा वास ज्यांनी फक्त हारात घेतला आहे त्यांना मी काय सांगणार. पंपघरात शेवाळाचा, ग्रीसचा, जॅकवेलच्या विहिरीत मेलेल्या माशांचा वास कोंडलेला असायचा. दिवस कलला, वारं ओढ्याकडून फिरलं, की त्या घाणीतून एकदम गुलछडी यायची. गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी रानातली माती चुरचुरायची आणि तिच्यावरून हा पांढरा वास. हिराबाई, सोपानची बायको, तांबडं फुटायच्या आत फुलं तोडून ओल्या फडक्यात बांधायची. तिच्या बोटांना तो वास कायम असायचा, भाकरी वाढतानाही. हे मी जेवलो आहे म्हणून सांगतो. त्यांच्या घरी जेवलेला माणूस आहे मी.

सोपानची नोंद ठेवायची रीत वेगळी होती. पंपघराच्या आतल्या चुन्याच्या भिंतीवर तो कोळशानं रेघा मारायचा. वार लिहायचा, लाइनीचा नंबर लिहायचा, आणि पुढं उघडल्याची वेळ, मिटल्याची वेळ. मनगटावर जुनं चावीचं घड्याळ. ते तो रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावून घ्यायचा. मोसम संपला की हिराबाई भिंत सारवून चुना द्यायची आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा रेघा. कुणाचं भांडण झालं की माणसं पंपघरात येऊन भिंत वाचायची आणि शिव्या देत परत जायची. भिंतीशी कुणी भांडलं नाही.

ती भिंत मला गावंढळ वाटायची.

म्हणून चार उन्हाळ्यांमागं मी पुण्याहून एक बोर्ड आणला. पत्त्यांच्या कॅटाएवढा, हिरवा, एका पाटीवरचा पूर्ण संगणक. गावानं त्याचं नाव लगेच ठेवलं: डबी. यवतच्या बाजारातून कार्ड आणि कार्ड रीडर घेतला. त्यावर चालते ती लिनक्स नावाची कार्यप्रणाली, युनिक्सच्या घराण्यातली. तिची फाइल मोबाइलच्या नेटवर उतरवायला अख्खी दुपार गेली. फाइल वाटेत कुठं बिघडली नाही ना हे तपासायला एक लांबलचक आकडा असतो. संकेतस्थळावरचा आणि आपल्याकडं निघालेला, अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मी बोट ठेवून दोनदा जुळवला. फाइलच्या खरेपणाची एवढी काळजी घेतली. माणसाच्या बाबतीत मी तेवढं बोट ठेवलं नाही.

फाइल कार्डावर उतरवली, कार्ड बोर्डात सरकवलं, बोर्ड घरच्या टीव्हीला जोडला, मोबाइलच्या चार्जरवर चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. एकेका ओळीच्या सुरुवातीला हिरव्या अक्षरात 'ओके'. निवृत्त माणसाला इतक्या वेळा 'ओके' कोण म्हणतं? मी हरखलो. की-बोर्ड निवडला, यंत्राला नाव दिलं, पासवर्ड दिला. वेळेचा विभाग विचारला तेव्हा आशिया, कोलकाता निवडलं आणि कोपऱ्यातलं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी सेकंदाला जुळलं. मला वाटलं, झालं, वेळ बसवली.

ती वेळ मी बसवली नव्हती. ती मोबाइलच्या नेटवरून आली होती. असल्या स्वस्त बोर्डावर स्वतःचं घड्याळ नसतं, घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नसते. नेट असेल तर तो नेटला विचारून घेतो किती वाजले. नेट नसेल आणि वीज गेली तर तो मूर्च्छा आल्यासारखा पडतो, आणि वीज आली की जिथं बोलणं तुटलं होतं तिथूनच पुढं बोलू लागतो. मधला वेळ त्याच्या लेखी गेलेलाच नसतो. आमचं पंपघर नदीच्या खोलगटात आहे. तिथं फोनला रेंज नाही, नेट कुठलं?

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण कळायला हवं होतं. मी रेल्वेतला माणूस. रोज ठरलेल्या क्षणी कंट्रोलकडून वेळ यायची आणि स्टेशनातली घड्याळं तिच्याशी जुळवली जायची. कुठलंच घड्याळ स्वतःहून खरं नसतं, त्याला कुणीतरी सांगावं लागतं, हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

चेंबरमधल्या नऊ व्हॉल्व्हना मी नऊ बटणं बसवली, जुन्या टेलिफोनच्या तारेनं ती डबीला जोडली. व्हॉल्व्ह उघडला की फाइलमध्ये एक ओळ, मिटला की एक ओळ. लाइनीचा नंबर, तारीख, वेळ. सोपान बाजूला उभा राहून बघत होता.

"म्हंजी आता मी रेघ मारायची न्हाई?"

"मार की. हौस म्हणून मार," मी म्हणालो.

तो हसला. मार म्हटलं म्हणून तो मारत राहिला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये वादळी वारं अधूनमधून यायचं. दुपार ढळली की नदीपलीकडं शिरूरच्या बाजूनं आभाळ मातकट व्हायचं, बाभळी वाकायच्या, छपरांचे पत्रे वाजायचे, पाऊस चार थेंबांचा आणि वीज अर्धा-पाऊण तास गायब. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला बाया धावायच्या आणि मी खुर्चीत बसून हे सगळं सुंदर आहे असं मनात म्हणायचो. पंपघरात डबी तेव्हा पडलेली असायची. उठली की बरळायची.

त्याच दिवसांत दत्तोबाची ओरड सुरू झाली. दत्तोबाचा ऊस सहा नंबरच्या लाइनीच्या अगदी शेपटाला. गुरुवारी अकरा ते दोन त्याची पाळी, दोन ते चार सोपानची. दत्तोबाच्या शेवटच्या सऱ्यांना पाणी पोचेना. मागाहून कळलं, वाटेत पाइपाचा सांधा गळत होता आणि खालच्या ओघळीत पाणी मुरत होतं. पण तेव्हा दत्तोबाला ओढ्यापलीकडची हिरवीगार गुलछडी दिसत होती.

"नाना, तुमची डबी काय म्हन्ते बघा की," तो माझ्या दारात येऊन म्हणाला. "माझं पानी जातंय कुठं?"

मी लॅपटॉप घेऊन पंपघरात गेलो. फाइल लांब होती, शेकडो ओळींची. लिनक्समध्ये ग्रेप नावाची एक आज्ञा आहे. हवा तो शब्द सांगितला की तेवढ्याच ओळी निवडून देते. मी सात नंबर सांगितला. तिनं सात नंबर दिला.

गुरुवार. सात नंबर उघडला, अकरा वीस. मिटला, एक वीस.

दत्तोबाच्या पाळीत सोपानचा व्हॉल्व्ह दोन तास उघडा. मला आनंद झाला. होय, आनंदच झाला होता. माझं यंत्र कामाला आलं होतं. ती एक ओळ मी यवतला जाऊन मोठ्या अक्षरात छापून आणली.

सभा रविवारी सकाळी देवळात भरली. पंखा होता, तरी सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. चेअरमननं कागद वाचून दाखवला आणि सगळ्यांनी सोपानकडं पाहिलं. तो खांबाला टेकून बसला होता, टोपी मांडीवर.

"मी दोनला उघडला," तो म्हणाला. "भितीवर लिवलंय. चला, बघा."

"तुझी भित, तुझाच कोळसा," दत्तोबा म्हणाला. "उद्या मी बी लिवीन भितीवर, मी आमदार हाय."

सभा हसली. मग सोपान माझ्याकडं वळला. रागानं नाही. शिकायला आलेल्या माणसासारखं त्यानं विचारलं, "नाना, मला एक सांगा. माझ्या घड्याळाला मी रेडिओवरून येळ सांगतो. तुमच्या डबीला येळ कोन सांगतं?"

सगळ्या सभेत प्रश्न एकच बरोबर होता आणि तो त्यानं विचारला होता. मी काय म्हणालो?

"तिला सांगावी लागत नाही, सोपान. ती कॉम्प्युटर आहे. कोळसा नाही."

यावर जे हसू उठलं ते अजून देवळाच्या त्या कोपऱ्यात आहे. मी तिथं बसत नाही.

ठराव झाला. सोपाननं पाणी चोरलं, त्याला कामावरून काढावं, त्याची पाळी बंद करावी. पुढचा रविवार माझ्या सत्काराला धरला. फ्लेक्स छापायला गेला.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी पूर्ण फाइल उघडली. कारण काही थोर नव्हतं. सत्काराच्या भाषणात घालायला आणखी एखादी चोरी मिळते का ते बघत होतो. पंखा गरम हवा ढवळत होता, बाहेर कडुलिंबाखाली फुलोऱ्याचा सडा पडला होता आणि त्यावर मुंग्या. मी या वेळी काही निवडलं नाही, वरून खाली वाचत आलो.

गुरुवार. दोन नंबर उघडला, पाच वीस.

दोन नंबर चेअरमनची लाइन. त्याची पाळी सकाळी आठ ते अकरा. पहाटे पाच वीसला त्याचा व्हॉल्व्ह उघडला? पण त्या आठवड्यात मोटारीला लागणारी थ्री-फेज वीजच आठला यायची. मोटार बंद असताना व्हॉल्व्ह उघडून कुणी काय चोरणार? खालची ओळ: सहा नंबर, म्हणजे खुद्द दत्तोबा, आठ वीस. त्याखाली सात, अकरा वीस. सगळेच्या सगळे दोन तास चाळीस मिनिटं मागं, वादळांत गेलेल्या विजेचा सगळा वेळ मिळून. डबीच्या हिशोबानं सव्वीस खातेदारांपैकी सव्वीस चोर होते. मी एकाचीच ओळ छापून आणली होती.

मी भर उन्हात पंपघरात गेलो. भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं: गुरुवार, दोन नंबर, आठ. सहा नंबर, अकरा. सात नंबर, दोन. वळणदार अक्षर, शाळेत शिकल्यासारखं. डबीच्या ओळींत दोन तास चाळीस मिळवले की एकेक ओळ भिंतीशी जुळत होती.

आता जे केलं ते लिहितो. मी घरी आलो. कार्ड काढलं, रीडरमध्ये घातलं आणि त्यावर कार्यप्रणाली पुन्हा नव्यानं बसवली. दहा टक्के, वीस टक्के, पट्टी पुढं सरकत होती आणि जुनी फाइल तिच्याखाली पुसली जात होती. नव्वद टक्क्यांपर्यंत मला ती थांबवता आली असती असं म्हणणं खोटं आहे. पहिल्या टक्क्यालाच जुनं गेलेलं असतं. पण मी पूर्ण शंभर होईपर्यंत बघत बसलो. कार्ड घालून डबी सुरू केली. पुन्हा हिरव्या अक्षरात ओके, ओके, ओके.

आणि चेअरमनला म्हणालो, सत्काराला माणसं पंपघर बघायला येतील, ती भिंत बरी दिसत नाही. त्यानं शुक्रवारी ऑइलपेंट मारून घेतला. आकाशी.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी हिराबाई आली. पायरीवर चढली नाही, खालीच उभी राहिली. तिच्या बोटांना वास होता.

"नाना, चोर म्हना न्हाईतर काय बी म्हना. एक पाळी द्यायला सांगा. दांडं आता आलंत, फुलं जळत्यात. तुमचा शबूद पडत न्हाई खाली."

मला माहीत होतं. त्या क्षणी सगळ्या गावात फक्त मला माहीत होतं. मी म्हणालो, "ठराव झालाय, वहिनी. माझ्या हातात काय आहे?"

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. मग गेली.

रविवारी मी शाल पांघरली. एप्रिलमध्ये शाल. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि फ्लेक्सवरचा माझा फोटो हसत होता. "पाण्याची चोरी पकडणारे आमचे नाना." पाच-सहा आठवड्यांत ओढ्यापलीकडून येणारा वास थांबला. गुलछडी एका दिवसात जळत नाही. आधी टोकं पिवळी पडतात, मग पात माना टाकते, मग एक दिवस वारं फिरतं आणि पंपघरात नुसता मेलेल्या माशांचा वास उरतो. पावसाळ्याच्या तोंडाला सोपान आणि हिराबाई नदी ओलांडून शिरूर तालुक्यात लेकीकडं गेले. वावरात कुंद्याचं तण माजलं.

त्यानंतरच्या प्रत्येक मोसमात मी दर सकाळी चालत पंपघरात जाऊन डबीला हातानं वेळ सांगत आलो. गावाला वाटायचं, नाना किती जपतात यंत्राला. मी यंत्राला जपत नव्हतो. डबी मागं पडते हे फाइल उघडून कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून जात होतो.

मग यंदा हा नवा बोर्ड टेबलावर आला. चेअरमनच्या फोननंतर मी तो आणला, कार्ड रीडरमध्ये घातलं, पट्टी दहा टक्क्यांवर आली, आणि मला पुढं बघवेना. मी रीडर उपटला. कार्ड बिघडलं, बिघडू दे. दुसऱ्या दिवशी एसटीनं कोरेगाव भीमाला गेलो. सोपान तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर बसतो एवढं ऐकून होतो.

गेटच्या पत्र्याच्या खोलीत तो होता. निळा शर्ट, टोपी तीच. समोर जाड रजिस्टर. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ तो त्यात लिहितो. पाळीची वेळ चोरणारा म्हणून ज्याला आम्ही हाकललं, त्याच्या वेळेवर परगावचा एक कारखाना चालतो आहे. वळणदार अक्षर. मनगटावर तेच घड्याळ.

त्यानं मला ओळखलं. उठला नाही. रजिस्टर फिरवून माझ्याकडं सरकवलं.

"नाव, गाव लिवा. आत यायची येळ लिवा."

मी मोबाइल बघून वेळ लिहिली. त्यानं स्वतःच्या घड्याळात बघून ती तपासली. मग स्टूल दाखवलं.

मी सांगितलं. बॅटरी नसलेला बोर्ड, गेलेली वीज, दोन तास चाळीस मिनिटं. यंत्राची चूक होती, सोपानराव, असं म्हणालो. घरून निघताना एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. परत येऊन गावच्या सभेतही एवढंच सांगायचं ठरवलं होतं.

"आता अहो-जाहो नको," तो म्हणाला. एक ट्रक आला. त्यानं उठून नंबर लिहिला, वेळ लिहिली, ड्रायव्हरला हिंदीत दोन शिव्या दिल्या, परत येऊन बसला.

"तुमाला कवा कळलं?"

अलीकडंच, असं म्हणता आलं असतं. त्याला पडताळायला काही नव्हतं. कार्ड मी पुसलं होतं, भिंत मी रंगवून घेतली होती.

"तिसऱ्या दिवशी," मी म्हणालो. "सभेनंतरच्या बुधवारी."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

"म्हंजी हिरा तुमच्याकडं आली तवा तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"तवा गुलछडी हिरवी व्हती, नाना."

एवढंच. शिवी नाही, हात उगारला नाही. त्यानं रजिस्टर पुन्हा माझ्याकडं फिरवलं आणि पेन ठेवलं.

"भाईर जायची येळ लिवा."

गेल्या रविवारी मी सभेत उभा राहिलो. तोच खांब, तोच पंखा. डबीचं घड्याळ चुकलं होतं असं सांगेपर्यंत सभा सुस्त होती. चेअरमन जांभई देत म्हणाला, "झालं ते झालं. यंत्राची चूक झाली आसं लिवून टाकू, ठराव मागं घिऊ. यंत्राला काय लाज न्हाई."

"यंत्राची नाही," मी म्हणालो. "मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. मी कार्ड पुसलं. भिंत मीच रंगवायला लावली. तसं लिहा."

दत्तोबा उठला. "म्हंजी चार वर्सं मी त्या मानसाला चोर म्हनत आलो ते तुझ्यामुळं? अरं, तू शाल घेतलीस रं! लाज वाटली न्हाई व्हय तुला?"

आयुष्यात मला गावात कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. हलकं वाटलं असं लिहिण्याची पद्धत आहे. मला वाटलं नाही. झोंबलं. दत्तोबा मला बोलत होता, पण त्या सभेला पहिल्यांदा हसवलं होतं तेही दत्तोबानंच, हेही माझ्या मनात आलं आणि ते मी बोललो नाही. काही जण उठून गेले. एकजण दारातून म्हणाला, "म्हाताऱ्याला आता मरायच्या टायमाला बरं सुचतंय." ठराव झाला. सोपानवरचा आळ खोटा, तिसऱ्या दिवसासकट सगळं इतिवृत्तात, सात नंबरची पाळी पूर्ववत: गुरुवार, दोन ते चार. चेअरमननं हे सगळं माझ्याकडं न बघता लिहिलं. ठरावाची नक्कल मी पोस्टानं कोरेगावला पाठवली. उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरलेलंही नाही.

बोर्ड बसवायला मात्र कुणी नको म्हणालं नाही. म्हणून मी नवं कार्ड आणलं, फाइल जुळवली, लिनक्स बसवली. ओके, ओके. मी हरखलो नाही. या खेपेला बोर्डावर घड्याळाचा एक छोटा तुकडा लावला आहे, नाण्याएवढ्या बॅटरीचा. तरीही पंपघरात पोचल्यावर प्लग काढून बघितला, एक तास बाहेर उन्हात बसलो, पुन्हा लावला, आणि वेळ मनगटाशी जुळली तेव्हाच उठलो. आकाशी रंगावर कोळसा उमटत नाही. हातभर जागा पत्र्याच्या तुकड्यानं खरवडली. खालचा चुना निघाला, पण सोपानच्या रेघा नाही निघाल्या. पेंटाबरोबर त्याही सोलून गेल्या होत्या. सोपाननंतर व्हॉल्व्ह उघडायला ठेवलेला माणूस यंदा आलाच नाही, नवा मिळेपर्यंत मीच जातो. उघडला की कोळशानं लिहितो. अक्षर सोपानसारखं येत नाही.

काल गुरुवार होता. दोन वाजता मी सात नंबरला हात घातला. चार वर्षांचा गंज. पाना लावून, दोन्ही पाय टेकवून जोर केला तेव्हा तो कण्हला आणि फिरला. पाणी ओढ्याखालच्या पाइपातून गेलं आणि पलीकडच्या वावरात कुंद्यात पसरलं. बांधावरून दत्तोबा ओरडला, "ए नाना, गवताला पानी पाजतोस व्हय? आमचा ऊस वाळतोय हितं!"

"पाळी सोपानची आहे," मी ओरडून सांगितलं. "वावरात काय ठेवायचं ते त्याचं तो बघेल."

त्यानं कपाळावर हात मारला आणि गेला. पाणी दोन तास चाललं. तापलेल्या मातीचा वास आला, फक्त मातीचा. चारला मी व्हॉल्व्ह मिटला.

आज सकाळी यवतला जाऊन आठवड्याची पूर्ण फाइल मोठ्या अक्षरात छापून आणली. अकरा पानं झाली. देवळाच्या फळ्यावर मावेनात, म्हणून भिंतीवर एकाखाली एक चिकटवली. चेअरमन येऊन बघून गेला. "एवढं कोन वाचनार, नाना? कामाचं तेवढं काढायचं की."

मी काहीच काढलं नाही. गुरुवारच्या पानावर दोन नंबर आठला, त्याखाली सहा नंबर अकराला, त्याखाली सात नंबर दोनला. पंपघराच्या भिंतीवरही कोळशानं तेच आहे.